वाय-फाय प्रिंटर, फोन आणि लॅपटॉप यांचे सूत जुळवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर आणि सुदामा नगर या भागांतल्या मराठी घरांमध्ये प्रिंटर जोडून देण्याचे, आणि खरे सांगायचे तर एकदा जोडलेला प्रिंटर पुन्हा पुन्हा जोडून देण्याचे, काम मी गेली काही वर्षे करतो आहे. फोनवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. या पानावर सर्व अंक देवनागरीत छापले आहेत. राउटरच्या किंवा प्रिंटरच्या पडद्यावर ते इंग्रजी अंकांत दिसतील आणि टाइप करतानाही इंग्रजी अंकच वापरावे लागतील.

प्रश्न: प्रिंटरवरचा वाय-फायचा दिवा स्थिर आहे, फोनलाही वाय-फाय आहे, तरीही फोनला प्रिंटर सापडत नाही. असे का होते?

मला येणाऱ्या दहा फोनांपैकी निदान सहा या एकाच प्रश्नाचे असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत प्रिंटरचा काहीही दोष नसतो. फोन आणि प्रिंटर दोघेही वाय-फायवर असतात, पण एकाच नेटवर्कवर नसतात. ‘छापा’ म्हटल्यावर फोन आपल्या नेटवर्कात एक हाक मारतो (तांत्रिक भाषेत २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर) आणि त्या नेटवर्कातला प्रत्येक प्रिंटर आपले नाव, नेटवर्कातला पत्ता (चार आकड्यांचा ‘आयपी’ पत्ता) आणि आपल्याला काय छापता येते हे उत्तरादाखल सांगतो. ही हाक नेटवर्काच्या सीमेबाहेर जात नाही. वाड्याच्या चौकात मारलेली हाक शेजारच्या वाड्यात ऐकू येऊ नये, अशीच ती रचना आहे.

घरात दोन नेटवर्क कशी तयार होतात, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रामबागेतल्या एका जुन्या दुमजली घरात इंटरनेट कंपनीचा डबा खाली बैठकीच्या खोलीत होता, आणि वरच्या मजल्यावर सिग्नल पोहोचत नाही म्हणून मुलाने स्वतःचा राउटर आणून वर लावला होता. प्रिंटर खाली होता, आजोबांचा फोन वर होता, आणि ‘प्रिंटर हरवला आहे’ अशी आजोबांची तक्रार होती. फोनचा पत्ता १९२.१६८.०.१४ असा निघाला आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.२३ असा. तिसरा आकडा वेगळा दिसला की घरगुती मांडणीत निदान जवळजवळ पक्के समजावे: दुसऱ्या राउटरने स्वतःचे वेगळे नेटवर्क उभे केले आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ निवडला, की तो पत्ते वाटण्याचे काम सोडून देतो, केवळ सिग्नल पसरवतो, आणि दोन्ही मजले एका नेटवर्कात येतात. त्या घरी याला पाच मिनिटे लागली. राउटरचा पासवर्ड आठवायला मात्र पाऊण तास.

याखेरीज तीन कारणे तपासावीत. फोन मोबाइल डेटावर गेलेला असू शकतो. फोन ‘गेस्ट’ नेटवर्कावर असू शकतो. पाहुण्यांसाठीचे हे नेटवर्क घरातल्या साधनांपासून मुद्दाम तोडून ठेवलेले असते. आणि काही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाची खूण चालू असते, त्यामुळे एकाच नेटवर्कावरची साधनेही एकमेकांना दिसत नाहीत. ती बंद करावी लागते.

प्रश्न: प्रिंटरचा पत्ता कोठे पाहायचा?

पडदा असलेल्या प्रिंटरवर तो नेटवर्कच्या मेनूत मिळतो. ज्यांना पडदा नाही, त्यांतले बहुतेक प्रिंटर वाय-फायचे किंवा माहितीचे बटण काही सेकंद दाबून धरल्यावर नेटवर्कच्या स्थितीचे एक पान छापून देतात. नेमके बटण मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्या पानावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने प्रिंटरला पत्ता दिलेलाच नाही आणि प्रिंटरने स्वतःहून एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा फोनवर कितीही शोधले तरी उपयोग नाही. आधी राउटर आणि मग प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा.

प्रश्न: घरच्या वाय-फायचे नाव फोनवर दिसते, पण प्रिंटरच्या यादीत येत नाही. प्रिंटर खराब आहे का?

सहसा नाही. आजचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात, तर घरगुती वापराचे कितीतरी प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच ऐकू शकतात. राउटर लावणाऱ्याने वेगाच्या हव्यासापायी २.४ ची पट्टी बंद केली असेल, तर प्रिंटरच्या दृष्टीने घरात वाय-फायच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ती पट्टी चालू करावी. फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी दोन्ही पट्ट्या एकाच राउटरच्या मुख्य नेटवर्कच्या असतील, तर छपाईत अडचण येत नाही. हा गैरसमज अनेकांच्या मनात असतो आणि त्यापायी ते फोनची सेटिंग उगाच बदलत बसतात. दोन्ही पट्ट्यांचे नाव एकच असल्यामुळे प्रिंटर जोडताना त्याचे अ‍ॅप गोंधळत असेल, तर जोडणी होईपर्यंत ५ ची पट्टी बंद ठेवावी.

अंतर आणि भिंती यांचाही विचार करावा. जुन्या इंदुरातल्या दीड-दीड हात जाडीच्या भिंती २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल कसाबसा सोडतात, ५ चा तर आणखी कमी सोडतात. माळ्याखालच्या कोनाड्यात, लोखंडी कपाटाला टेकून किंवा मायक्रोवेव्हच्या शेजारी प्रिंटर ठेवू नये. शेजारीपाजारी भरपूर राउटर असतील, तर २.४ च्या पट्टीत १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल निवडावे, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. आपल्याकडे राउटर १२ आणि १३ ही चॅनेलही वापरू शकतो, पण अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेले प्रिंटर सहसा ११ पर्यंतच पाहतात. मुलाने तिकडून हौसेने आणलेल्या प्रिंटरला म्हणूनच नेटवर्क दिसत नाही. अशा प्रिंटरची पिन २३० व्होल्टच्या बोर्डात घालण्यापूर्वी मागची पाटी मात्र अवश्य वाचावी.

प्रश्न: पासवर्ड अगदी बरोबर आहे, तरी प्रिंटर ‘जोडता आले नाही’ म्हणतो.

पहिली शंका सुरक्षेच्या प्रकाराची. डब्ल्यूपीए३ ही पद्धत २०१८ मध्ये आली. त्याआधीचे, आणि नंतरचेही बरेच प्रिंटर डब्ल्यूपीए२ च जाणतात. राउटर ‘फक्त डब्ल्यूपीए३’ वर असेल, तर तो ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ अशा मिश्र प्रकारावर आणावा.

दुसरी शंका नावाची, आणि ती खास आपल्या घरांत आढळते. वाय-फायच्या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइट खाते, आणि काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही सारी वेगळी मोजली जातात. ‘गजानन कृपा’ हे नाव २८ बाइटांत बसते. ‘श्री गजानन प्रसाद’ बसत नाही. बसले तरी प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर त्याच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात आणि काही मॉडेल असे नेटवर्क यादीत घेतच नाहीत. घराला देवनागरी नाव जरूर द्यावे, वाय-फायला साधी इंग्रजी अक्षरे आणि अंक द्यावेत. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. त्यात मोकळी जागा आणि विचित्र चिन्हे टाळली, तर बाणाची बटणे दाबत तो प्रिंटरवर भरणाऱ्या माणसावर उपकार होतील.

प्रश्न: डब्ल्यूपीएसचे बटण वापरावे का?

डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न भरता प्रिंटर राउटरला जोडण्याची सोय. तिची बटणाची पद्धत वापरण्यास हरकत नाही. राउटरचे बटण दाबल्यावर साधारण दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचे दाबावे लागते. आठ आकडी पिनची पद्धत मात्र राउटरवर बंद ठेवावी. तिच्यातला कच्चा दुवा २०११ मध्येच उघडकीस आला आहे. केवळ डब्ल्यूपीए३ वर चालणाऱ्या नेटवर्कात डब्ल्यूपीएस चालतच नाही.

प्रश्न: काल छापलेले पान आज छापत नाही, संगणक प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. दर आठवड्याला हेच.

राउटर घरातल्या प्रत्येक साधनाला पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. घरगुती राउटरांत ती मुदत बहुधा २४ तासांची असते. मुदत संपताना प्रिंटर झोपेत किंवा बंद असला, किंवा जूनच्या वळवाच्या पावसात वीज दोन-चार वेळा येऊन गेली, की पत्त्याच्या शेवटचा कालचा २३ हा क्रमांक आज दूरदर्शन संचाला मिळतो आणि प्रिंटरला ३१ मिळतो. विंडोजने मात्र २३ हा पत्ता वहीत लिहून ठेवलेला असतो. तो इमानेइतबारे तिकडे पान पाठवतो, तिकडून उत्तर येत नाही, आणि तो ‘ऑफलाइन’ लिहून मोकळा होतो.

कायमचा इलाज असा, की राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ या ठिकाणी प्रिंटरचा बारा अक्षरी मॅक पत्ता (त्या यंत्राची स्वतःची ओळख), जो स्थितीच्या पानावर छापलेला असतो, नोंदवून त्याच्यासाठी एक आकडा राखून ठेवावा. प्रिंटरवरच हाताने पत्ता ठरवून टाकण्याचा मार्ग काही जण सुचवतात. राउटर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देऊ शकतो, म्हणून मी तो टाळतो. त्यानंतर विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’ या भागात पाहावे. तेथे डब्ल्यूएसडी असे लिहिलेले असेल आणि त्रास वारंवार होत असेल, तर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ प्रकारचे पोर्ट तयार करून राखलेला पत्ता द्यावा. पत्ता बरोबर असूनही ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढून पाहावी; प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नसला, की विंडोज तो गैरहजर असल्याचे धरते.

वीज गेल्यानंतरचा क्रमही महत्त्वाचा आहे. राउटरला पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटे लागतात, प्रिंटर त्याआधीच उठून नेटवर्क शोधतो आणि निराश होऊन बसतो. म्हणून राउटर आधी, प्रिंटर नंतर. राउटरला छोटा यूपीएस लावला तर हा प्रश्न पुष्कळसा मिटतो. लेझर प्रिंटर मात्र घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर लावू नये. शाईची पूड कागदावर वितळवणारा त्याचा तापता रूळ सुरू होताना एकदम मोठा प्रवाह ओढतो.

प्रश्न: एक पान रांगेत अडकले आहे, ते ना छापते, ना पुसले जाते.

विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा भाग) थांबवावा, सिस्टिम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरातील ‘प्रिंटर्स’ या फोल्डरमधल्या फायली पुसाव्यात (फोल्डर पुसू नये) आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. संगणक नुसता बंद-चालू केल्याने अडकलेले पान बहुतेकदा परत उभे राहते, आणि एकाच बिलाच्या अकरा प्रती घेऊन बसण्याची वेळ येते.

प्रश्न: फोनवरून छापायला प्रिंटर कंपनीचे अ‍ॅप घ्यावेच लागते का?

पहिल्या जोडणीसाठी बहुधा घ्यावे लागते, रोजच्या छपाईसाठी सहसा नाही. अ‍ॅपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले, तेव्हापासून आयफोनला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. अँड्रॉइडच्या बाजूला कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३ मध्ये मोप्रिया ही संस्था स्थापन केली, आणि अँड्रॉइड ८ पासून तिच्या पद्धतीची छपाई फोनमध्येच आलेली आहे. नवीन प्रिंटर घेताना खोक्यावर हे दोन शब्द आहेत का, एवढे पाहिले तरी घरातल्या सगळ्या फोनांचे काम भागते.

कंपनीच्या अ‍ॅपला प्रिंटर सापडत नसेल, तर परवानग्या पाहाव्यात. आयफोनवर २०२० पासून प्रत्येक अ‍ॅपला ‘स्थानिक नेटवर्क’ची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि घाईत ‘नको’ दाबलेले असते. अँड्रॉइडवर स्थानाची किंवा ‘जवळच्या साधनां’ची परवानगी मागितली जाते, प्रिंटरला आपला ठावठिकाणा कशाला, ही शंका रास्त असली तरी वाय-फायची यादी पाहण्यासाठी ती लागते. नव्या प्रिंटरची जोडणी अर्धवट सोडून जेवायला जाऊ नये, कारण काही मॉडेल चालू केल्यापासून दोनच तास जोडणीच्या स्थितीत राहतात आणि मग नेटवर्क सेटिंग पूर्ववत करून सुरुवात पहिल्यापासून करावी लागते.

प्रश्न: राउटर नाही. तरीही फोनवरून छापता येईल का?

येईल. ‘वाय-फाय डायरेक्ट’ असलेला प्रिंटर स्वतःचे छोटे नेटवर्क उभे करतो. फोनच्या यादीत ते ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या नावाने दिसते आणि पासवर्ड स्थितीच्या पानावर छापून येतो. त्याला जोडलेले असताना फोनचे इंटरनेट खंडित होऊ शकते, म्हणून छापायची फाइल आधी उतरवून ठेवावी. भंवरकुआँ परिसरात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मी हाच मार्ग सुचवतो, कारण वसतिगृहाचे वाय-फाय ब्राउझरमध्ये नाव आणि ओटीपी मागते, आणि प्रिंटरला ओटीपी भरता येत नाही.

प्रश्न: घरचा लॅपटॉप छापतो, ऑफिसचा लॅपटॉप छापत नाही.

ऑफिसचे व्हीपीएन चालू असेल, तर लॅपटॉपची सगळी वाहतूक कंपनीच्या नेटवर्काकडे वळवलेली असते आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर त्याच्या लेखी परगावी असतो. धोरणात बसत असल्यास व्हीपीएन क्षणभर बंद करून छापावे; ते बंद करण्याची मुभा नसेल, तर यूएसबीची तार जोडावी.

प्रश्न: छापलेल्या कागदावर मराठीच्या जागी चौकोन किंवा अगम्य इंग्रजी अक्षरे येतात.

गणेशोत्सवाच्या आणि मुंजीच्या हंगामात हा प्रश्न हमखास येतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात केलेल्या मजकुरात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेतच साठवलेले असतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या फोनवरून प्रिंटरला पाठवली, की पत्रिकेच्या मथळ्यावरच्या ‘श्री’च्या जागी असंबद्ध चिन्हे उमटतात. ज्या संगणकावर मजकूर तयार केला, तेथेच त्याची फॉन्टसह पीडीएफ करावी आणि फोनवरून तीच छापावी. नवा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. युनिकोड असूनही संगणकावरून चौकोन येत असतील, तर पीडीएफ वाचकाच्या प्रगत पर्यायांत ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडावे. छपाई थोडी सावकाश होते, पण जोडाक्षरे पडद्यावर दिसतात तशीच उतरतात.

प्रश्न: दुकानातला बिलाचा ब्लूटूथ प्रिंटर फोनला जोडायचा आहे.

५८ किंवा ८० मिलिमीटर रुंदीच्या कागदाचे हे छोटे थर्मल प्रिंटर वाय-फायच्या नियमांत बसत नाहीत. आधी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जोडी जमवावी, तेथे पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असते. मग बिलाच्या अ‍ॅपमध्ये त्याच प्रिंटरची निवड करावी. दुसरी पायरी राहून जाते, आणि ‘जोडलेला तर दिसतो आहे’ हे ऐकावे लागते. एका वेळी सहसा एकच फोन जोडलेला राहतो, म्हणून गल्ल्यावर भाऊ आणि आत काका असे दोघे बिल काढत असतील, तर वाय-फायचा किंवा तारेचा नमुना घ्यावा. आयफोन असल्यास खरेदीपूर्वीच खात्री करावी, कारण स्वस्त नमुन्यांतले जुन्या प्रकारचे ब्लूटूथ त्याला चालत नाही. ‘शेव अर्धा किलो’च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ छापली गेली, तर प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरे नाहीत असे समजावे आणि अ‍ॅपमध्ये बिल चित्ररूपाने पाठवण्याचा पर्याय निवडावा.

प्रश्न: जुना यूएसबी प्रिंटर उत्तम चालतो. तो वाय-फायवर आणता येईल का?

येईल, आणि चालता प्रिंटर केवळ वाय-फाय नाही म्हणून काढून टाकू नये असे माझे मत आहे. सोपा मार्ग म्हणजे तो संगणकाला जोडून ‘शेअर’ करणे; तो संगणक चालू असावा लागतो आणि विंडोजमध्ये घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ असावे लागते. काही राउटरांच्या यूएसबी खाचेत प्रिंटर लावता येतो, मात्र त्या मार्गाने स्कॅनर सहसा चालत नाही. हौस असेल, तर रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आणि कप्स ही १९९९ पासूनची मोफत छपाई-प्रणाली यांच्या साहाय्याने जुन्या प्रिंटरला एअरप्रिंटही शिकवता येते. त्यासाठी एक रविवार मोकळा ठेवावा.

प्रश्न: मी पुण्यात आहे. इंदूरच्या घरातल्या प्रिंटरवर आई-बाबांसाठी काही छापू शकतो का?

गूगल क्लाउड प्रिंट ही सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. जुन्या लेखांत अजूनही तिचाच सल्ला आढळतो. काही कंपन्या ईमेलने छापण्याची सोय देतात: प्रिंटरला एक पत्ता मिळतो आणि त्यावर पाठवलेले जोडपत्र छापले जाते. परवानगी असलेल्या प्रेषकांची यादी तेथे अवश्य भरावी. राउटरचे ९१०० किंवा ६३१ हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. तसे केल्यास जगातला कोणीही तुमचा कागद संपवू शकतो.

प्रश्न: प्रिंटर विकायचा किंवा कोणाला द्यायचा असल्यास काय करावे?

प्रिंटरच्या स्मरणात घरच्या वाय-फायचा पासवर्ड असतो आणि बहुकामी प्रिंटरांत स्कॅन पाठवण्याचे ईमेल पत्तेही असतात. मेनूतून ‘फॅक्टरी रीसेट’ करावे, फक्त नेटवर्कचे रीसेट पुरत नाही. ईमेलने छापण्याची सोय घेतली असेल तर त्या खात्यातून प्रिंटर काढावा, आणि राउटरमधली त्याच्या राखीव पत्त्याची नोंद पुसावी. काचेखाली राहिलेला आधार कार्डाचा कागद तेवढा आठवणीने काढून घ्यावा. तो मला आजवर तीन घरांत सापडला आहे.